कवाड नसलेले घर : पोलीस ॲक्शन आणि साध्या माणसाची साक्ष

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले की अर्धापूर मागे पडते आणि वारंगा फाटा येण्याआधी डोंगरकडा लागते. कळमनुरी तालुक्यातले हे माझे गाव. आज रस्त्याच्या बाजूंना केळीच्या बागा आहेत आणि जिल्हा हिंगोली आहे. पण हा जिल्हा १ मे १९९९ चा. १९४८ साली आम्ही परभणी जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे जुन्या माणसांच्या बोलीत ‘मोगलाईत’ होतो. वारंग्याहून एक रस्ता हदगावमार्गे उमरखेडला जातो. मध्ये पैनगंगा आडवी येते. नदीच्या अलीकडे मोगलाई, पलीकडे वऱ्हाड. त्या वर्षी गाठोडे डोक्यावर घेऊन ही नदी ओलांडणाऱ्यांत माझी आजी होती.

आजी म्हणजे आईची आई. तिचे सासर नदीच्या अलीकडच्या एका खेड्यात. त्या खेड्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. का, ते पुढे कळेल. पंचवीसेक वर्षांपूर्वी मुक्तिसंग्रामाच्या एका स्मरणिकेसाठी मी तिची आठवण लिहून घेतली. ती जे बोलली ते माझ्या वहीत असे आहे : “पेरणी व्हायच्या आधी आम्ही पळालो. चार रोज वऱ्हाडात ऱ्हायलो. दिवाळीला मिल्ट्री आली, मंग आम्ही परत आलो. आलो तं समोरच्या घराला कवाडच नव्हतं, अन् आत कोनी बी नव्हतं.”

स्मरणिकेत छापून आलेला मजकूर वेगळा आहे. ‘चार रोज’चे मी ‘चार-पाच महिने’ केले, कारण पेरणीपासून दिवाळीपर्यंत तेवढेच होतात. ‘दिवाळीला’ काढून ‘१७ सप्टेंबरला’ घातले, कारण इतिहास तसा आहे. आणि शेवटचे वाक्य गाळून त्या जागी गावात तिरंगा फडकल्याचे एक वाक्य लिहिले. असे कर, असे मला कोणी सांगितले नव्हते. मजकूर छान जुळून आला. मी आजीला तो वाचून दाखवला. तिने ऐकून घेतला आणि काही बोलली नाही.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या छापील मजकुराची उशिरा केलेली समीक्षा आहे. पण दोष एका स्मरणिकेचा नाही. तो मजकूर ज्या लेखनपरंपरेत इतक्या सहज बसला, त्या परंपरेचा घाटच असा आहे की साध्या माणसाची साक्ष तिच्यात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच मावते. त्या दिवसानंतर साक्षीदार बोलत राहतो आणि पुस्तक मिटते. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते चार प्रकारच्या कागदांच्या आधारे मांडायचे आहे.

नावातच लपलेली गोष्ट

प्रथम घटनेच्या नावाकडे पाहू. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. मुख्य फळी सोलापूरकडून आली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली चिलखती डिव्हिजन होती. दक्षिण विभागाची सूत्रे लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांच्याकडे होती. पाचव्या दिवशी, १७ तारखेला, निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेला त्याचा सेनापती एल इद्रूस शरण आला. रणगाडे आणि विमाने वापरलेल्या या मोहिमेला ‘पोलीस ॲक्शन’ हे नाव मिळाले. हैदराबाद हा भारताचा अंतर्गत प्रश्न आहे, परराष्ट्राशी युद्ध नव्हे, ही भूमिका त्या नावात होती आणि राजकीय दृष्टीने तिला अर्थ होता.

पण नावाचा एक परिणाम झाला. युद्ध म्हटले की युद्धाआधीचे, युद्धातले आणि युद्धानंतरचे लोक असा विचार आपोआप होतो. निर्वासित, बेपत्ता, उजाड वस्त्या यांची नोंद ठेवावीशी वाटते. ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले की कारवाई सुरू झाली आणि संपली, एवढेच उरते. माझ्या आजीने ‘पोलीस’ हा शब्द कधी वापरला नाही. ती ‘मिल्ट्री’च म्हणायची. सरकारी शब्दापेक्षा तिचा शब्द अधिक अचूक होता.

सरकारचे दोन कागद

साध्या माणसाचे हाल नोंदवणारे दोन मोठे सरकारी कागद १९४८ सालातलेच आहेत. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत, आणि ते तसे फारसे वाचले जात नाहीत.

पहिला कागद भारत सरकारची हैदराबादविषयीची श्वेतपत्रिका. ती कारवाईच्या आधी निघाली. निजामाशी झालेल्या वाटाघाटींबरोबरच रझाकारांनी केलेली लूट, जाळपोळ, खून यांच्या नोंदी तिच्यात आहेत. या नोंदी खोट्या आहेत असे कोणीही म्हणू नये. कासीम रझवीच्या संघटनेने गावागावांत काय केले हे आमच्या भागात घरोघर माहीत आहे; माझी आजी त्यामुळेच पळाली. पण श्वेतपत्रिकेतला गावकरी हा फिर्यादीच्या वकिलाने उभा केलेला साक्षीदार आहे. त्याचे दुःख तिथे पुरावा म्हणून येते. त्याने काय सोबत नेले, काय मागे टाकले, ओसरी कोणाच्या भरवशावर सोडली, हे त्या कागदाला विचारायचे नव्हते. कारवाई का करावी लागली, एवढेच सिद्ध करायचे होते.

दुसरा कागद कारवाईनंतरचा. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेली पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरली. सोळांपैकी नऊ जिल्हे, सात जिल्ह्यांची ठाणी, एकवीस शहरे आणि तेवीस मोठी खेडी तिने पाहिली. शिवाय जिथे जाता आले नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी ती बोलली. संपूर्ण संस्थानात, अगदी सावध अंदाजानेही, किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर मारली गेली, असा तिचा निष्कर्ष होता. त्यांत मुसलमान बहुसंख्य होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत अठरा हजार. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत किमान पाच हजार. लातुरात हत्या वीसहून अधिक दिवस चालल्या आणि दहा हजारांच्या मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे समितीला आढळली, असे अहवाल सांगतो.

हा अहवाल तेव्हा प्रसिद्ध झाला नाही. सरदार पटेलांना तो मान्य नव्हता. त्यातले उतारे काही दशकांनी इंग्रजी लेखनातून बाहेर येऊ लागले आणि २०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादवरील पुस्तकात तो वाचकांसमोर आला. म्हणजे पहिला कागद घटनेच्या आधीच छापून हातात आला, तर दुसऱ्याला साठेक वर्षे लागली. आमच्या मराठी स्मरणलेखनाची घडण नेमकी या मधल्या काळातली आहे.

अहवालही निर्दोष नाही. समितीला घाई होती, बरेच आकडे अंदाजाचे आहेत, आणि वरच्या दोन्ही याद्यांत माझा तेव्हाचा परभणी जिल्हा नाही. नांदेड आहे, परभणी नाही. आणि डोंगरकडा या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. तिथून पाच-सहा कोसांवरचे एखादे खेडे कोणत्या रकान्यात गेले असेल, की कोणत्याच रकान्यात गेले नसेल, हे कागदावरून सांगता येत नाही. पण या अहवालाचे एक बलस्थान आहे, जे श्वेतपत्रिकेत नाही. त्याला एका वाक्यात दोन गोष्टी धरता येतात. रझाकार दर गावावर दरमहा वसुली लादत आणि विरोध झाला की लूट होई, हेही तो सांगतो. काही ठिकाणी सैनिकांनी लुटीत व हत्येत भाग घेतला आणि अन्यत्र सैन्याची वागणूक शिस्तीची होती, हे दोन्ही तो लिहितो. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना जिवाची किंमत देऊन वाचवले, हेही त्यातच आहे. हातमागाच्या धाग्याने बांधलेल्या या माणसांचे एवढे एक वाक्य त्या कोरड्या अहवालाला साहित्याच्या जवळ नेते. त्यांची कहाणी मराठीत कोणी सविस्तर लिहायला हवी होती.

लढणाऱ्याचे आत्मवृत्त

तिसऱ्या प्रकारचा कागद म्हणजे लढ्यात असलेल्यांनी लिहिलेला इतिहास आणि आत्मकथन. स्वामी रामानंद तीर्थांच्या इंग्रजी आठवणी १९६७ साली आल्या. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ या विषयावरचा मराठीतला पाया आहे. आमच्या शेजारच्या वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर कारवाईच्या वेळी सोळा वर्षांचे होते. ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’मध्ये त्यांनी निजामाच्या सत्तेचे आणि इत्तेहादच्या राजकारणाचे जे विश्लेषण केले, त्याला तोड नाही. याशिवाय तालुक्या-तालुक्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छोट्या पुस्तिका आहेत. मी या सगळ्यांवर वाढलो आणि त्यांचे ऋण मानतो.

तरीही समीक्षक म्हणून या लेखनाच्या रचनेकडे पाहावे लागते. या परंपरेतल्या वाक्याचा कर्ता लढणारा असतो. सरहद्दीपलीकडच्या उमरखेडसारख्या कॅम्पमधून तरुण येतात, करोडगिरीचे नाके जाळतात, शिंदीची झाडे तोडतात. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली जाते आणि तो पैसा लढ्याच्या कामी येतो. ही कामगिरी रोमहर्षक आहे आणि खरी आहे. पण कॅम्पवाले रात्री नदी उतरून परत गेले की सकाळी गावात उरतो तो न लढणारा. रझाकारांची आणि निजामी पोलिसांची धाड त्याच्यावर येते. या पुस्तकांत तो कर्मस्थानी असतो : त्याला मारले, त्याला लुटले, त्याने आश्रय दिला. आश्रय देणाऱ्या घरातल्या बाईने त्या रात्री भाकरी कशाच्या पिठाची केली, हे वाचायला मिळाले तर वाचकाने स्वतःला भाग्यवान समजावे.

आणि या कथनाला शेवट हवा असतो. लढ्याच्या कथेचा शेवट विजयाचाच असतो, आणि विजय १७ सप्टेंबरला झाला. शाळेतल्या भाषणापासून अमृतमहोत्सवी विशेषांकांपर्यंत हीच वळणवाट आहे. मी स्मरणिकेत तिरंग्याचे वाक्य लिहिले तेव्हा माझ्या हातून ही परंपराच लिहीत होती. लढणाऱ्याची कथा त्या दिवशी संपते हे योग्यच आहे. न लढणाऱ्याची त्या दिवशी संपत नाही. त्याला अजून घरी यायचे असते.

दुसऱ्या बाजूची कथा नेमकी इथे सुरू होते, आणि ती बहुतेक उर्दूत व इंग्रजीत आहे. इब्राहीम जलीस यांचे ‘दो मुल्क एक कहानी’ घ्या, किंवा अफसर मोहम्मद यांचे २०२३ सालचे मौखिक साक्षींवर आधारलेले इंग्रजी पुस्तक घ्या. मराठी वाचक सप्टेंबरपर्यंतचा अर्धा भाग वाचतो, उर्दू वाचक सप्टेंबरपासूनचा. एकाच गल्लीत समोरासमोर राहणाऱ्या दोन घरांचे एकच वर्ष दोन लिप्यांत असे कापले गेले आहे.

चुकलेली तारीख

चौथा कागद म्हणजे तोंडी आठवण; आणि तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की म्हाताऱ्या माणसांच्या तारखा चुकतात. चुकतात हे खरे. प्रश्न चुकीचे काय करायचे हा आहे.

इटलीतले मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी या प्रश्नावर आयुष्यभर काम केले. २३ मार्च १९४४ रोजी रोममध्ये प्रतिकारकांनी जर्मन पोलिसांच्या तुकडीवर बॉम्बहल्ला केला. दुसऱ्याच दिवशी जर्मनांनी फोस्से आर्देआतीने इथल्या खाणींत ३३५ माणसे मारली आणि त्यानंतर ते जाहीर केले. पण अनेक रोमन माणसे शपथेवर सांगत की जर्मनांनी आधी भिंतींवर पत्रके लावली होती, हल्लेखोर पुढे आले असते तर हत्याकांड टळले असते. अशी पत्रके लागलीच नव्हती. पोर्तेल्ली ही आठवण कचरापेटीत टाकत नाहीत. एवढ्या लोकांना ती खोटी पत्रके ‘आठवावी’ का लागली, हे ते विचारतात. आणि दोष कोणाच्या माथी मारायचा याचा पन्नास वर्षांचा झगडा त्यांना त्या चुकीत सापडतो.

हे वाचल्यावर मी आजीच्या वहीकडे परत गेलो. तिने दोन चुका केल्या होत्या. वऱ्हाडातले चार-पाच महिने तिने ‘चार रोज’ म्हटले. परमुलखात, दुसऱ्याच्या ओसरीवर काढलेले दिवस तिला मोजायचेच नव्हते, असे मला आता वाटते. दुसरी चूक अधिक महत्त्वाची. कारवाई भाद्रपदात झाली आणि आजी ‘दिवाळीला’ म्हणते. तिच्यासाठी मिल्ट्री आली ती ज्या दिवशी घरी परतणे शक्य झाले त्या दिवशी. भाद्रपद ते दिवाळी एवढा काळ तिच्या लेखी मिल्ट्री यायचीच होती, म्हणजे गाव अजून राहण्याजोगे झाले नव्हते. समोरच्या घराचे कवाड याच काळात गेले. सुंदरलाल समिती ज्या आठवड्यांची चौकशी करायला आली, नेमके ते आठवडे आजीच्या चुकीच्या तारखेत जपलेले होते. मी तारीख दुरुस्त केली आणि ते आठवडे पुसले. मग शेवटचे वाक्य आपोआपच अनाठायी वाटू लागले आणि मी तेही पुसले.

साक्ष लिहून घेणाऱ्याने चूक दुरुस्त करू नये, असे मी म्हणत नाही. खरी तारीख समासात लिहावी. मजकुरातली तारीख साक्षीदाराची असते.

आक्षेप

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते मी स्वतःवरच घेतले आहेत. पहिला : अशाने मुक्तिसंग्रामाला उणेपणा येतो. मला तसे वाटत नाही. निजामाची राजवट जाणे न्याय्य होते आणि ते व्हायला हवे होते. मोगलाईतल्या कुळाला, वेठबिगाऱ्याला, आपल्या भाषेत शाळा मागणाऱ्याला त्यातून जे मिळाले ते खरे आहे. न्याय्य लढ्यानंतर झालेला अन्याय लढ्याच्या नावावर जमा होत नाही. पण लपवला तर होतो.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा : जुन्या जखमा कशाला उकरायच्या, गावे आता एकत्र नांदत आहेत. हा आक्षेप घेणाऱ्यांत दोन्ही बाजूंची माणसे असतात आणि त्यांच्या भीतीत तथ्य आहे. म्हणूनच मी आजीच्या खेड्याचे नाव दिलेले नाही. साक्षीदाराला आणि ज्याच्याविषयी साक्ष आहे त्याला, दोघांच्याही नातवंडांना त्याच गावात राहायचे आहे. पण गप्प राहिल्याने जखम भरते, हे मला पटत नाही. स्पेनमधल्या गेर्निका या बास्क गावावर २६ एप्रिल १९३७ रोजी, बाजाराच्या दिवशी, जर्मन-इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले. जॉर्ज स्टीर या बातमीदाराने ते दोनच दिवसांत जगाला कळवले. तरी फ्रँकोची बाजू म्हणत राहिली की गाव पळणाऱ्या बास्कांनीच जाळले. पिकासोचे चित्र जगभर फिरले; गावातल्या माणसाला मात्र ती राजवट संपेपर्यंत, १९७५ पर्यंत, आपल्याच गल्लीत खरे बोलायची सोय नव्हती. ज्याने पाहिले त्याने बोलायचे नाही, अशी सक्ती झाली की त्याच्या जागी अफवा बोलू लागते. आमच्याकडेही १९४८ विषयी निवडणुकीच्या हंगामात जे बोलले जाते, ते पाहणाऱ्यांचे बोलणे नसते.

गावाची वही

तर काय करावे? मोठा प्रकल्प, निधी, समिती यांची वाट पाहण्याइतका वेळ नाही. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुले आज पंच्याऐंशी ओलांडून गेली आहेत. प्रत्येक गावासाठी एक वही पुरेशी आहे. काही नियम मात्र पाळावेत.

वही गावाची असावी, जातीची किंवा धर्माची नसावी. समोरासमोरची दोन्ही घरे एकाच वहीत यावीत. तिचे पंचांग १९४८ च्या पेरणीपासून पुढच्या पेरणीपर्यंतचे असावे, म्हणजे १७ सप्टेंबर तिच्या अधेमध्ये येईल, शेवटी नाही. सांगणाऱ्याची बोली तशीच ठेवावी; दखनी बोलणाऱ्या म्हातारीचे शुद्ध मराठी करू नये, तांड्यावरच्या आजोबांचेही करू नये. पराक्रम विचारण्याआधी सामान विचारावे : काय नेले, काय पुरले, गुरे कोणाकडे सोडली, परत आल्यावर काय सापडले. माणसे हत्येविषयी बोलत नाहीत, भांड्याविषयी बोलतात. आणि भांड्याविषयी बोलता बोलता एखादे कवाड येऊन जाते. आणि बाईला एकटीला विचारावे, ओसरीवर चारचौघांत विचारू नये.

या कसोट्या साहित्याच्याही आहेत. मराठवाड्याची १९४८ ची कादंबरी लिहिली जायची असेल तर ती या वह्यांतूनच येईल, असे मला वाटते. विजयाच्या भाषणातून ती येणार नाही.

आजी गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. समोरच्या घरात कोण राहत होते, ते मी तिला कधी विचारले नाही. विचारायला हवे होते, हे मला ती गेल्यावर सुचले. आईला विचारले तर ती म्हणाली, तिच्या लहानपणी तिथे पडकी भिंत आणि एक लिंबाचे झाड होते, आणि पोरे त्या झाडाखाली खेळायला जात नसत. का, ते कोणी सांगितले नव्हते.

स्मरणिकेतला मजकूर मला परत घेता येत नाही. निदान इथे तरी आजीचे म्हणणे तिच्याच शब्दांत, तिच्या चुकांसह, पुन्हा एकदा पूर्ण छापून घेतो : पेरणी व्हायच्या आधी आम्ही पळालो. चार रोज वऱ्हाडात ऱ्हायलो. दिवाळीला मिल्ट्री आली, मंग आम्ही परत आलो. आलो तं समोरच्या घराला कवाडच नव्हतं, अन् आत कोनी बी नव्हतं.